चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर विंडोज ११ टाकायचं का, आणि टाकायचं तर कसं

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की दुकानात चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह आहे, ८ जीबी रॅम, विंडोज १० नीट चालतंय, डीटीपी, प्रिंट, स्कॅन आणि लोकांचे ऑनलाइन फॉर्म सगळं त्याच्यावरच होतं. मायक्रोसॉफ्टचं तपासणी ॲप म्हणतं या पीसीवर ११ चालणार नाही, कॉम्प्युटर विकणारा म्हणतो नवीन घ्या आणि व्हिडिओवाले म्हणतात पाच मिनिटांत होतं, तर ऐकायचं कोणाचं.

११ तुमच्या मशीनवर टाकता येतं आणि एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) असेल तर दुकानाच्या कामाला छान चालतं, मी असल्या मशीनांवर टाकून देतो आणि ती रोज दिवसभर चालू असतात. व्हिडिओत जे पाच मिनिटांचं दाखवतात ते फक्त तपासणी चुकवायचं काम, ते खरंच सोपं आहे. त्याच्या आधी काय बघायचं आणि टाकल्यावर पुढची दोन-तीन वर्षं काय सांभाळायचं हे कोणी दाखवत नाही, आणि गाडी अडकते ती तिथेच, म्हणून उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी ते ॲप नाही का म्हणतं ते समजून घ्या. ११ ला मुख्य तीन गोष्टी लागतात, टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप, सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीत असलेला प्रोसेसर. इंटेलची यादी थोडे अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीची रायझन २००० मालिकेपासून. तुमची चौथी पिढी २०१३ ची, म्हणजे यादीच्या बरीच मागे. त्या काळातल्या कंपनीच्या ऑफिस मशीनांमध्ये टीपीएम असतो पण बहुतेक १.२, आणि असेंबल केलेल्या मशीनमध्ये बऱ्याचदा नसतोच. ही अट निव्वळ नवीन मशीनं खपवायला घातली असं लोक म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी म्हणून एक संरक्षण आहे, त्यासाठी लागणारी हार्डवेअरची मदत इंटेलमध्ये सातव्या पिढीपासून आली, त्याच्या आधीच्या प्रोसेसरवर तेच काम सॉफ्टवेअरमधून करावं लागतं आणि मशीन जड होतं. म्हणजे कारण खरं आहे, पण ते संरक्षण बंद ठेवलं तरी ११ चालतं, आणि तुमच्या मशीनवर ते बंदच ठेवायचंय, खाली परत सांगतो.

आता एक फरक नीट लक्षात घ्या, याच्यावर सगळं अवलंबून आहे. यादीत नाव नसणं वेगळं आणि प्रोसेसरला ते जमतच नसणं वेगळं. १ ऑक्टोबर २०२४ ला ११ ची २४एच२ आवृत्ती आली, तेव्हापासून विंडोजच्या गाभ्यातच पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या प्रोसेसरच्या सूचना वापरल्या जातात. ज्या चिपमध्ये त्या नाहीत तिच्यावर विंडोज सुरूच होत नाही, कुठलीही युक्ती करा. कोअर टू ड्युओ, कोअर टू क्वाड, त्याच जमान्यातले पेंटियम ड्युअल कोअर, एएमडीचे फेनम आणि अ‍ॅथलॉन टू, हे सगळे तिथे संपले. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या आय-सीरिजपासून पुढे या सूचना आहेत, एएमडीत बुलडोझरपासून. तुमचा चौथ्या पिढीचा त्या रेषेच्या बराच अलीकडे आहे त्यामुळे काळजी नाही. पण काउंटरवर जे दुसरं जुनं मशीन असल्याचं तुम्ही लिहिलंय, ते कोअर टू ड्युओ असेल तर त्याचा नाद सोडा, त्याच्यावर लिनक्स मिंट टाकून फक्त ब्राउझर आणि प्रिंट ठेवा.

आणि घरी किंवा ओळखीत कोणाचं आठव्या-नवव्या पिढीचं मशीन असेल आणि त्यालाही ॲप नाही म्हणत असेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा. इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम नावाचा पर्याय असतो, बऱ्याच मदरबोर्डवर तो कंपनीतूनच बंद येतो. तो चालू केला की ॲप हो म्हणतं आणि ११ रीतसर मिळतं. असं चांगलं मशीन लोक चालत नाही समजून मातीमोल भावात विकून टाकतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

तुमच्या मशीनकडे येतो. पहिला प्रश्न, विंडोज एसएसडीवर आहे की फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. हार्ड डिस्क असेल तर ११ चा विचार आज करूच नका, आधी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी लावा. ११ हार्ड डिस्कवर सुरू होतं पण कामाचं राहत नाही, डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटून बसते आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना फाइल उघडत नाही. आहे ते विंडोज १० तसंच्या तसं एसएसडीवर क्लोन करून घ्या आणि आठ-दहा दिवस त्याच्यावर काम करा. डिस्क बदलणं आणि विंडोज बदलणं एकाच दिवशी करू नका, काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं तेच कळत नाही. रॅम ८ जीबी पुरते, पेजमेकर, फोटोशॉप आणि ब्राउझरचे वीस टॅब एकदम उघडे ठेवायची सवय असेल तर डीडीआर३ ची अजून एक पट्टी टाका, जुन्या बाजारात स्वस्तात मिळते.

दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल पण करा, मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल, सीआर२०३२, तो नवीन टाका. दहा वर्षांच्या मशीनमध्ये तो मेलेला किंवा मरायला टेकलेला असतो. लाइट गेली की बायोसच्या सेटिंग मूळपदावर येतात, तारीख मागे जाते, मग वेबसाइट उघडत नाहीत, कधी मशीन सुरूच होत नाही आणि लोक म्हणतात ११ मुळे झालं. आणि बायोसमध्ये गेलाच आहात तर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, जो मोड आहे तो तसाच राहू द्या, एएचसीआय असो, रेड असो की आयडीई. अपग्रेडच्या आधी तो बदलला की विंडोज निळ्या पडद्यावर जातं.

तिसरं, सेटिंगमध्ये सिस्टिम आणि मग अबाउट उघडून बघा विंडोज १० ३२-बिट आहे की ६४-बिट. ११ फक्त ६४-बिट येतं. डीटीपीच्या दुकानांत जुन्या प्रोग्रामसाठी मुद्दाम ३२-बिट ठेवलेलं अजूनही सापडतं. तसं असेल तर सगळं आहे तसं ठेवून अपग्रेड होणार नाही, कोरं टाकावं लागेल, आणि १६-बिट प्रोग्राम किंवा १६-बिट इन्स्टॉलर असलेली जुनी सॉफ्टवेअरं ६४-बिटवर चालणारच नाहीत. ३२-बिट प्रोग्राम चालतात, ३२-बिट ड्रायव्हर चालत नाहीत, हा फरक पक्का लक्षात ठेवा.

आणि ड्रायव्हर म्हटलं की तुमच्या दुकानाचा खरा जीव कशात आहे ते बघू. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (यूएसबीत लावायची लायसन्सची चावी) असेल, डिजिटल सहीचं टोकन असेल, बोटांचे ठसे घ्यायचं यंत्र असेल, स्कॅनर असेल, प्रिंटर तर आहेच. या प्रत्येकाचा ६४-बिट ड्रायव्हर, आणि शक्यतो ११ साठीचा म्हणून दिलेला, कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. कॅननचा एलबीपी २९०० दुकानादुकानात आहे, त्याचा ६४-बिट ड्रायव्हर आहे आणि ११ वर तो प्रिंटर चालतो, एचपीचा १०२० पण चालतो, त्याची चिंता नको. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर मात्र बऱ्याचदा खूप जुना असतो, तो आधी काढून नवीन टाकूनच अपग्रेडला बसा. डोंगल चालेल की नाही अशी शंका असेल तर सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून विचारा, ते अपग्रेडच्या आधी, नंतर नाही. लग्नाच्या सीझनमध्ये पत्रिकांचं काम अंगावर असताना हे सगळं अजिबात करू नका.

बॅकअपबद्दल मी आग्रही आहे आणि राहणार. दोन प्रती करा, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी अजून कुठेही पण त्या मशीनच्या बाहेर. गिऱ्हाइकांच्या फाइल, डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरचे पासवर्ड, टॅलीचा डेटा असेल तर तो, आणि फॉन्ट. फॉन्टचं सगळे विसरतात. वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये असतात, फॉरमॅट मारला की गेले, आणि मग पाच वर्षांपूर्वीची पत्रिका उघडली की सगळी अक्षरं विचित्र. शक्य असेल तर पूर्ण सी ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढून ठेवा म्हणजे वाईटातलं वाईट झालं तरी तासाभरात होतं तसं मशीन परत मिळतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, बायोसला हात लावायच्या आधी.

आता प्रत्यक्ष टाकायचं. माझं मत स्पष्ट आहे, तुमचं १० जर ६४-बिट आहे, स्वच्छ आहे आणि खऱ्या लायसन्सचं आहे तर कोरं न टाकता त्याच्यावरच अपग्रेड करा, म्हणजे प्रोग्राम, फॉन्ट, डोंगलची नोंदणी सगळं जागच्या जागी राहतं. क्रॅक केलेलं असेल, ॲक्टिव्हेटर मारलेला असेल, तर मात्र अपग्रेड करू नका, तो कचरा ११ मध्ये पण येतो आणि त्या ॲक्टिव्हेटरबरोबर काय काय आत आलंय ते कोणीच सांगू शकत नाही. तिथे कोरं टाका आणि लायसन्स घ्या. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून फुकटात ॲक्टिव्हेट करायची जी सोय होती ती मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. पण तुमचं १० आधीच त्या मशीनवर डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्ह असेल तर ११ आपोआप ॲक्टिव्ह होतं, वेगळे पैसे नाहीत.

११ ची आयएसओ फाइल (सगळं विंडोज एकाच फाइलमध्ये) मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, टेलिग्रामवरच्या हलक्या-फुलक्या करून दिलेल्या आवृत्त्या दुकानाच्या मशीनवर कधीच नकोत. उतरवताना भाषा विचारतात, तिथे थांबा. तुमच्या १० ची भाषा इंग्लिश युनायटेड स्टेट्स आहे की इंग्लिश इंटरनॅशनल ते आधी बघून तीच निवडा, कारण भाषा जुळली नाही तर सेटअपमध्ये प्रोग्राम आणि फाइल ठेवा हा पर्याय मंद होतो, दाबताच येत नाही, आणि मग लोक वैतागून कोरं टाकून मोकळे होतात. तसंच होमवर होम आणि प्रोवर प्रो.

मग रुफस नावाचं छोटं मोफत साधन घ्या, ते पण त्याच्या मूळ साइटवरूनच, आवृत्ती ४.६ किंवा त्याच्या पुढची, कारण चालू विंडोजच्या आतून अपग्रेड करताना २४एच२ ची तपासणी चुकवायची सोय तिथून पुढे आहे. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह लावा, त्याच्यावरचं सगळं पुसलं जाणार हे लक्षात ठेवा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबलं की एक खिडकी येते, त्यात ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० ची अट काढून टाका असा पहिलाच पर्याय असतो, त्याला टिक करा. पेन ड्राइव्ह तयार झाला की मशीन त्याच्यावरून सुरू करायचं नाही, हे नीट ऐका, विंडोज १० चालू असतानाच पेन ड्राइव्ह उघडायचा आणि आतला सेटअप चालवायचा. अपडेट उतरवू का विचारलं तर आत्ता नको म्हणा, ते नंतर होतात. शेवटच्या पडद्यावर प्रोग्राम आणि फाइल ठेवणार असं लिहिलेलं दिसलं तरच पुढे जा, नाहीतर तिथूनच बंद करा, काहीही बदललेलं नसतं.

दुसरे रस्ते पण आहेत. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीत, एक नोंद घालून अपग्रेड होतो, ती नोंद मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मदतीच्या पानावर दिली होती आणि नंतर तिथून काढली, पण तिला निदान टीपीएम १.२ लागतो आणि मशीन युइएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारं असावं लागतं, म्हणून असेंबल मशीनवर ती बऱ्याचदा कामाला येत नाही. तिसरा रस्ता सेटअपला प्रॉडक्ट सर्व्हर असं सांगून चालवायचा, त्यात पडद्यावर विंडोज सर्व्हर टाकतोय असं दिसतं पण टाकलं जातं ते साधं ११ च. चालतात सगळे, मला रुफस बरा वाटतो कारण पुढच्या वर्षी दुकानातल्या पोरालाही तो वापरता येईल.

सुरू करायच्या आधी बाहेरचा अँटीव्हायरस असेल तर काढून टाका, सी ड्राइव्हवर ३०-४० जीबी मोकळी करा, प्रिंटर, डोंगल, स्कॅनर सगळ्या तारा काढा, फक्त कीबोर्ड, माउस आणि पेन ड्राइव्ह ठेवा. आणि मशीन इन्व्हर्टरवर किंवा चांगल्या यूपीएसवर असू द्या, आपल्याकडे लाइट कधी जाईल त्याचा नेम नाही. एसएसडीवर साधारण तास-दोन तास धरा, दोन-चार वेळा आपोआप बंद-चालू होतं, मध्ये टक्के बराच वेळ एकाच आकड्यावर थांबतात, बटण दाबून बंद करू नका.

एक अडचण जुन्या मशीनवर हमखास भेटते, सिस्टिम रिझर्व्ह्ड पार्टिशन अपडेट करता आलं नाही असा मेसेज. विंडोज ७ च्या काळात टाकलेल्या आणि तसंच वर वर अपग्रेड होत आलेल्या मशीनमध्ये तो भाग १०० एमबीचाच असतो आणि भरलेला असतो. पार्टिशन वाढवायच्या साधनाने तो ५०० एमबी करून घेतला की काम होतं, पण हे इमेज काढल्याशिवाय करू नका आणि हात बसलेला नसेल तर जाणकाराला बोलवा.

इथे एमबीआर आणि जीपीटीचा, म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायच्या जुन्या आणि नव्या पद्धतीचा, विषय निघतोच. तुमचं मशीन जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत असेल तर व्हिडिओवाले आधी डिस्क जीपीटी करा म्हणतात. विंडोजमध्येच त्यासाठी एमबीआर टू जीपीटी नावाचं साधन आहे आणि ते डेटा न पुसता काम करतं हे खरं. पण आपल्याकडच्या असेंबल मशीनमध्ये सी, डी, ई, एफ असे चार-पाच ड्राइव्ह पाडायची पद्धत, त्यातले बरेचसे एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत असतात, आणि एक्स्टेंडेड पार्टिशन असलं की ते साधन सरळ नकार देतं. मग लोक इंटरनेटवरचं दुसरं कुठलं तरी सॉफ्टवेअर आणतात आणि डी ड्राइव्ह गमावून बसतात. शिवाय युइएफआय करून सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय) बंद केलं आणि मशीनमध्ये जुनं ग्राफिक कार्ड असलं तर पडदा काळाच राहू शकतो, कारण त्या कार्डात युइएफआयसाठी लागणारा भागच नसतो. म्हणून माझा सल्ला, वरच्या रुफसच्या रस्त्याने अपग्रेड एमबीआरवर पण होतो, आहे तसं राहू द्या. सिक्युअर बूट मिळाला तर चांगलंच, पण त्याच्यासाठी लोकांच्या फाइल असलेली डिस्क पणाला लावू नका.

११ सुरू झालं की पहिल्या दिवशी काय करायचं. ॲक्टिव्हेशन बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह कुठे आहे का बघा, विंडोज अपडेट दोन-तीनदा चालवलं की बहुतेक ड्रायव्हर येतात, ड्रायव्हर अपडेट करून देणारी जाहिरातबाज सॉफ्टवेअरं टाकू नका. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिकचा विंडोज १० चाच ड्रायव्हर ११ वर चालतो. इंटेलने सुरक्षेच्या कारणाने नंतरच्या ड्रायव्हरमध्ये या पिढीचं डायरेक्टएक्स १२ बंद केलंय, त्याने तुमच्या कामात काही अडत नाही. विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशन उघडून मेमरी इंटेग्रिटी बंद आहे ना ते बघा, चालू असेल तर या प्रोसेसरवर मशीन जड होतं आणि जुने डोंगल ड्रायव्हर अडवले जातात. मग एकेक तार लावा, एक लावली की तपासा, मग दुसरी. सेटिंगमध्ये सिस्टिमच्या अटी पूर्ण होत नाहीत अशी ओळ दिसेल, त्याने कामात फरक पडत नाही.

दहा दिवसांच्या आत काही पटलं नाही तर सेटिंगमधल्या रिकव्हरीतून परत १० वर जाता येतं, पण तेवढे दिवस डिस्क क्लीनअप करून जुन्या विंडोजचं फोल्डर उडवू नका. दहाव्या दिवसापर्यंत वाट न बघता पहिल्या चार दिवसांतच प्रत्येक काम एकदा करून बघा, एक पत्रिका छापा, एक फॉर्म सहीसकट भरा, एक ठसा घ्या, एक जुनी पेजमेकरची फाइल उघडा.

आता पुढचं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मायक्रोसॉफ्टने स्पष्ट लिहिलंय की अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, सुरक्षेचे अपडेट धरून. प्रत्यक्षात दर महिन्याचे अपडेट अशा मशीनांवर नियमित येतात, मी रोज बघतो. पण वर्षातून एकदा जी मोठी आवृत्ती येते ती तुम्हाला आपोआप मिळत नाही. होम आणि प्रोची प्रत्येक आवृत्ती २४ महिने चालते, २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६, २५एच२ ची १२ ऑक्टोबर २०२७. ती मुदत संपली की महिन्याचे अपडेट गुपचूप थांबतात, मशीन काही बोलत नाही, तसंच चालत राहतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वर्षातून एकदा, दिवाळीनंतर काम कमी असतं तेव्हा, नवीन आयएसओ आणि नवीन रुफस घेऊन हाच अपग्रेड परत करायचा. आत्ता टाकताना मिळेल ती सगळ्यात नवीन आवृत्ती टाका म्हणजे मुदत जास्त मिळते. एखाद्या पुढच्या आवृत्तीने हा रस्ता कायमचा बंद केला असंही होऊ शकतं, पॉपकाउंटच्या वेळी कोअर टू ड्युओवाल्यांचं तेच झालं. तेव्हा हे मशीन अजून दोन-तीन वर्षं नेतोय असं धरा आणि तेवढ्यात नव्यासाठी पैसे बाजूला टाकत चला.

मग १० वरच राहिलं तर? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यानंतर एक वर्ष जास्तीच्या सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घरगुती मशीनला मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर ती फुकट मिळते, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलरएवढी रक्कम, त्यासाठी १० ची २२एच२ आवृत्ती लागते. धंद्याच्या मशीनसाठी त्यांची वेगळी आणि महाग योजना आहे, तेव्हा दुकानाच्या मशीनला घरगुती योजना धरून चालू नका. घरी मुलांचं जुनं मशीन असेल तर त्याला मात्र ही योजना लावा आणि ११ ची घाई करू नका. मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर त्या मशीनवर हा ११ चा खटाटोप करूच नका, तो गेम ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो, १० वर चाललेला गेम ११ वर बंद पडेल.

काहीच न करता, अपडेट बंद झालेल्या १० वर दुकान चालवत राहणं हा एकच पर्याय मी तुम्हाला देणार नाही. स्वतःचं मशीन असतं तर म्हटलं असतं तुमची मर्जी. पण तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये आज गावातल्या किती लोकांचे आधार, पॅन, पासबुकाचे फोटो, सातबारे, दाखले पडलेत ते एकदा उघडून बघा. ती माणसं विश्वासाने कागद देऊन जातात, त्यांना विंडोज १० काय आणि ११ काय माहीत नसतं. तुम्ही कुठलंही विंडोज ठेवा, काम झालं की ती फाइल पुसायची सवय दुकानातल्या सगळ्यांना आजपासून लावा, दिवसाच्या शेवटी डाउनलोड्स आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे. याला एक पैसा लागत नाही आणि कुठल्याही टीपीएमपेक्षा याचा उपयोग जास्त.

विकणाऱ्याचं नवीन घ्या म्हणणं अगदीच चुकीचं नाही, पैसे हातात असतील आणि मशीन कर्जाशिवाय येत असेल तर घ्या, आणि हे जुनं मागे प्रिंटसाठी ठेवा. नवीन म्हणजे कोरंच पाहिजे असं पण नाही, ऑफिसांमधून निघालेली आठव्या-नवव्या पिढीची रिफर्बिश्ड मशीनं बाजारात भरपूर आहेत, त्यांच्यावर ११ रीतसर चालतं आणि दरवर्षीचा हा सगळा उद्योग वाचतो. घेताना मात्र पिढी स्वतः स्क्रीनवर बघून घ्या, आय-फाइव्ह एवढंच सांगून सहावी-सातवी पिढी गळ्यात मारतात. आय-फाइव्हच्या पुढचा आकडा ८ किंवा ९ ने सुरू झाला पाहिजे, ६५०० असेल तर ती सहावी, ८५०० असेल तर आठवी.

सध्या एवढंच करा, रनमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करून जे उघडेल त्यात बायोस मोडच्या पुढे लेगसी लिहिलंय की युइएफआय ते बघा, ६४-बिट आहे का बघा, आणि डिस्क मॅनेजमेंट उघडून त्या पडद्याचा फोटो काढून पाठवा. एसएसडी आहे का आणि डोंगल कुठलं आहे ते पण लिहा. हे पाच तपशील आले की तुमच्या मशीनला नेमका कुठला रस्ता लागतो ते सांगतो, तोपर्यंत बॅकअपला सुरुवात करा.